घमेल्याखालचे महाराज

त्या राज्यात सूर्य बोटाने उगवत असे. वरची मंडळी आपल्या सोयीने एक बोट पुढे करीत, कुठेतरी टक् असा आवाज होई आणि राज्यात उजेड पडे. काम झाले की तेच बोट सूर्य मालवी. कधी कधी मात्र भर दुपारी, कोणाचे वाक्य अर्धे तोंडात असताना, सूर्य आपोआप जाई आणि वरून कोणीतरी ‘गेली वाटतं!’ असे ओरडलेले ऐकू येई. काय गेली, हे राज्यात आजवर कोणाला कळलेले नाही.

गादीवर कासवमहाराज होते. त्यांच्या सिंहासनामागे एक मोठी खिडकी होती आणि खिडकीबाहेर हिरवी टेकडी, वर निळे आभाळ, दोन-तीन पांढरे ढग. अकरा वर्षांत त्या टेकडीवर एक गाय चरायला आली नाही, की एक ढग जागचा हलला नाही. पण प्रजेला ती टेकडी फार आवडे. महाराजांना काही विचारले की ते मान आत ओढून घेत. ‘महाराज विचार करताहेत, दम धरा,’ असे दरबारी एकमेकांना सांगत. बहुतेक वेळा मान बाहेर येई. आली नाही तर वरचे बोट सूर्य मालवून पुन्हा उगववी, आणि महाराज काही झालेच नाही अशा चेहऱ्याने बाहेर येत. राज्यातल्या शंभरातल्या नव्वद दुखण्यांवर हाच उतारा होता.

राज्याच्या सीमेबाहेर, एका लांब राखाडी पुलापलीकडे, सर्जेराव नावाचा रेडा राहत असे. त्याला कोरी पाने खायला घातली की तो खर्र खर्र रवंथ करी आणि लिहिलेली पाने तोंडातून बाहेर काढी. काम मोलाचे, पण स्वभाव रेड्याचा. त्याची भाषा राज्यात एकालाच येत होती, आणि तो म्हणजे हरबातात्या बगळा.

हरबातात्यांची पद्धत ठरलेली. पूल ओलांडायचा, सर्जेरावाच्या डाव्या कानावर बसायचे, तीनदा हलकी चोच मारायची आणि विचारायचे, “सर्जेराव, जेवलात का?”

“नाही,” सर्जेराव म्हणे. तो नुकताच गळ्यापर्यंत जेवलेला असला तरी नाहीच म्हणे.

मग त्याला एक कोरे पान द्यायचे. ते तो उगाचच चावी, त्यावर चार रंगांचे पट्टे ओढी आणि फेकून देई. त्यानंतर ‘कासवमहाराजांच्या आज्ञेवरून’ असे म्हणून खरा मजकूर कानात सांगायचा. एवढे करूनही पिवळा रंग संपलेला असला तर सर्जेराव काळ्या रंगाने लिहायलाही साफ नकार देई. आता पिवळ्याचा काळ्याशी काय संबंध? पण विचारणार कोण! हरबातात्या त्याच्या कानात सांगत, “पिवळा निघालाय हो, वाटेतच आहे.” तेवढ्यावर सर्जेराव कामाला लागे. हा पिवळा गेली चार वर्षे वाटेतच होता.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी राज्यात दूरदेशीचा वैद्य येई. तो कासवमहाराजांना औषध पाजी, कवचाला पडलेल्या भेगा लिंपी आणि जाताना न चुकता म्हणे, ‘आता एकदा सूर्य मालवून उगववून घ्या.’ अशाच एका मंगळवारी त्याने औषध पाजले, पेटी मिटली आणि कारभारी मुंगूसपंतांना बाजूला घेतले.

“पंत, हे शेवटचं औषध. या जातीच्या राजाचं औषध बनवायचं आता बंद झालं.”

“म्हणजे महाराज...?”

“महाराजांना काही झालेलं नाही. पण काही झालं तर आमच्याकडे येऊ नका.”

मुंगूसपंत हा प्राणी मनाने वाईट नव्हता. त्याला फक्त याद्या आवडत. राजा बदलायचा आहे हे कळताच त्याने दु:ख बाजूला ठेवले आणि सात याद्या केल्या.

पहिले काम प्रजेची चीजवस्तू हलवण्याचे होते. नवा राजा येईपर्यंत सगळे सीमेबाहेरच्या एका छोट्या टेकाडावर नेऊन ठेवायचे ठरले. घमेली घेऊन मुंग्या आल्या आणि गाठोडी काढू लागल्या. तेव्हा कुठे समजले, की राज्यात लोकांनी काय काय साठवले होते! एका गाठोड्यावर ‘नवीन’ लिहिले होते. त्याच्या आत ‘नवीन नवीन’ होते, त्याच्या आत ‘शेवटचे’, त्याच्या आत ‘खरंच शेवटचे’, आणि अगदी आत एका आंब्याचे चित्र होते. आंब्याचे तेच चित्र आणखी चौदा गाठोड्यांत निघाले. मुंग्यांच्या मुकादमाने यातले काही टाकायचे का, असे विचारले. ‘राहू दे, लागेल कधीतरी,’ असा वरून आवाज आला. मुंग्यांनी आंबे वाहिले.

मग राज्यारोहण सुरू झाले. दवंडीला कोंबडा होता. तो वेशीवर उभा राहून ओरडू लागला, “राज्यारोहण चालू आहे हो! सूर्य मालवू नका हो! पाच टक्के!” बारा टक्के झाले, वीस झाले. सदतीसला कोंबडा थांबला. लोक उभे राहिले, बसले, आडवे झाले. एका म्हातारीने ‘याचा घसा बसला काय’ म्हणून त्याला गूळपाणी दिले. ते पिऊन कोंबडा “सदतीस!” एवढेच म्हणाला. पुढे तो एकदम एकसष्टवर गेला, आणि नव्याण्णववर पोहोचल्यावर तर त्याने जेवण केले, पंख साफ केले, एक डुलकी काढली. त्या सगळ्या वेळात टेकडीवरचे आभाळ विझलेले होते आणि कोणाला कोणाचे तोंड दिसत नव्हते.

“शंभर!” कोंबडा शेवटी ओरडला. “थोडं थांबा. आणखी एक बारीकसं काम राहिलंय.”

अशा रीतीने मोरमहाराज गादीवर आले.

आले ते काय वर्णावे! पिसारा उघडला की अर्धा दरबार त्यातच भरून जाई. रोजचा खुराक कासवमहाराजांच्या चौपट होता. जमीन काचेची झाली, भिंती आरपार दिसू लागल्या, आणि काहीही उघडले की ते आधी एक गिरकी घेई. गेली अकरा वर्षे डाव्या कोपऱ्यात असलेला पाणवठा मोरमहाराजांनी उचलून मधोमध ठेवला. का, असे विचारायची सोय नव्हती. सवयीने प्रजा डाव्या कोपऱ्यात धावे, भिंतीवर आदळे, आणि मग कपाळ चोळत मध्ये येई. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नऊ दिवस कपाळे चोळण्यातच गेली.

मोरमहाराजांनी बरोबर आपला दुभाषा आणला होता. विद्याधर नावाचा पोपट. त्याला बारा भाषा येत आणि त्या येतात हे सांगायला तेरावी. सीमेबाहेर एक एकाक्ष घुबड येऊन बसले होते. ते वरच्या मंडळींकडे टक लावून पाही आणि त्यांची तोंडे दूरदूरच्यांना दाखवी. त्या घुबडाशी बोलणे विद्याधरलाच जमे, हे कबूल केले पाहिजे.

रिवाजाप्रमाणे कासवमहाराजांना दहा दिवस अडगळीच्या खोलीत ठेवले होते. नव्याचे काही बिनसलेच, तर जुने हाताशी असावे म्हणून. हरबातात्या रोज तिथे जात, दाराबाहेर एका पायावर उभे राहत आणि परत येत. अकराव्या दिवशी मुंगूसपंतांनी यादीवर खूण केली आणि खोली रिकामी केली. महाराज कायमचे गेले. त्या दिवशी हरबातात्या पुलाच्या मधोमध बसून लहान पोरासारखे रडले.

त्याच दुपारी बिल्ल्यांची तपासणी झाली. नव्या राज्यात राहायचे तर प्रत्येकाच्या गळ्यात नव्या शिक्क्याचा बिल्ला हवा होता. तो ज्याच्या त्याच्या घराण्याने द्यायचा.

“तुमचा बिल्ला, हरबातात्या?” मुंगूसपंतांनी विचारले.

“आमच्या घराण्याकडे निरोप धाडला होता. ते म्हणतात, आम्ही आता बगळे करणं सोडलं. नवा रेडा घ्या, त्याच्याबरोबर नवा बगळा फुकट मिळेल.”

“मग माझा नाइलाज आहे.”

“पंत, माझं सोडा. पण सर्जेरावांशी बोलणार कोण?”

“विद्याधर आहे की. बारा भाषा!” असे म्हणून मुंगूसपंतांनी तात्यांच्या पाठीवर पंजा ठेवला आणि त्यांना विहिरीत ढकलले.

ही विस्मरणाची विहीर राज्याच्या कोपऱ्यात होती. नको असलेले सगळे तिच्यात टाकीत. ती लगेच बुडवत नसे. वरची मंडळी कधी काळी तिचा उपसा करीत, तोवर आत पडलेले नुसते तरंगत राहत. वरची मंडळी आळशी असल्यामुळे विहिरीत तीन वर्षांचा ऐवज तरंगत होता. तिचे पाणी नाकातोंडात गेले की मागचे सारे विसरायला होते, असा एक समज मात्र राज्यात पक्का होता. हरबातात्या एका आंब्याच्या चित्रावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तोच घाईघाईने, दोनदा टकटक करून. वरून एका मुलीचा आवाज आला, “बाबा, परीक्षा उद्या सकाळी आहे! हे पान नसलं तर आत सोडत नाहीत!” आणि हुकूम खाली आला: एक पान हवे. पानावर दोन वेण्या घातलेल्या मुलीची छबी होती, खाली एक लांबलचक क्रमांक. सूर्य मालवण्याआधी पान मिळालेच पाहिजे.

विद्याधर पोपट पूल ओलांडून गेला. तो बसला उजव्या कानावर. चोच मारली नाही, जेवणाची चौकशी केली नाही, कोरे पान दिले नाही. कागद वाया घालवणे नव्या राज्यात बसत नव्हते. त्याने शुद्ध, स्पष्ट उच्चारात आज्ञा सोडली. सर्जेरावाने त्याच्याकडे एक डोळा वळवला आणि एक पान बाहेर काढले. पानाच्या टोकाला ‘ढ’ असे एकच अक्षर होते. विद्याधरने आज्ञा दुसऱ्या भाषेत दिली. दुसऱ्या पानावर पुन्हा ‘ढ’. बाराव्या भाषेपर्यंत सर्जेराव असा रंगात आला, की आज्ञेची वाटही न पाहता त्याने एकशे चौदा पाने काढली, सगळी ढ.

“रेड्यातच दोष आहे,” विद्याधर परत येऊन म्हणाला. “माझे उच्चार निर्दोष होते.” नाचता येईना, अंगण वाकडे!

तेवढ्यात वरून धप्पकन आवाज झाला. कोणीतरी सर्जेरावाच्या पाठीत बुक्की हाणली होती. मग एक जाड आवाज आला, “संध्याकाळपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर हा डबा भंगारात!”

हे शब्द पुलावरून राज्यात आले, राज्याच्या कोपऱ्यातल्या विहिरीवरूनही गेले, आणि आत आंब्यावर बसलेल्या बगळ्याने मान वर केली.

मुंगूसपंतांच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने याद्या चाळल्या. रेड्याशी बोलू शकणारे, या मथळ्याखाली एकच नाव होते आणि त्यावर त्यानेच काट मारली होती. अखेर दोरी आणि बादली घेऊन तो स्वत: विहिरीवर गेला.

हरबातात्या बाहेर आले ते ओलेचिंब. त्यांनी डोळे किलकिले केले, काचेची जमीन पाहिली, आरपार भिंती पाहिल्या, आणि भोवळ येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, “पंत, मला झोप लागली होती का? कासवमहाराज कुठे आहेत?”

मुंगूसपंतांनी जीभ चावली. विहिरीच्या पाण्याने काम केले होते तर!

“महाराज... आहेत की. तात्या, एक पान हवंय, तातडीनं. जरा सर्जेरावाकडे जाता?”

“जातो. पण महाराजांची आज्ञा त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी आजवर त्या कानावर बसलो नाही. ती एवढी मिळवून द्या.”

“कालच त्यांना...” मुंगूसपंत बोलता बोलता थांबला. एक दिवस, एकच दिवस उशिरा खोली रिकामी केली असती तर! पण यादीत अकरावा दिवस लिहिला होता आणि यादी म्हणजे यादी.

सूर्य मालवायला फार वेळ उरला नव्हता. पान मिळाले नाही तर रेडा भंगारात जाणार, आणि रेडा गेला की बगळ्याला पुन्हा विहीर. मुंगूसपंतांनी मुंग्यांना बोलावले. राज्याच्या एका कोपऱ्यात पडदे लावून त्यांनी तासाभरात एक खोली उभी केली. जमिनीवर जुनी फरशी, पाणवठ्याचा रांजण डाव्या कोपऱ्यात, आणि मागच्या भिंतीवर हिरवी टेकडी, निळे आभाळ रंगवले. घाईत ढग दोन-तीनाऐवजी पाच झाले. बाजूच्या भिंतीत एक बुटकी खिडकी ठेवली, तिच्याबाहेरून महाराज जाताना दिसावेत म्हणून.

आता फक्त महाराज हवे होते.

“मी?” मोरमहाराज किंचाळले. “मी रांगायचं? पाठीवर घमेलं घेऊन?”

“महाराज, फक्त खिडकीपुरतं. वीस पावलं.”

“आणि माझा पिसारा?”

“बांधून घेऊ. सुतळी आहे माझ्याकडे.”

“अरे, माझं राज्य आहे हे! मला पाहायला लोक येतात!”

“महाराज,” मुंगूसपंत फार नरमाईने म्हणाला, “वरच्या मंडळींनी आणलंय आपल्याला, खरं. पण त्यांचं एक पान निघालं नाही ना, तर ते म्हणतील, जुनाच बरा होता. हे वाक्य मी ऐकलंय. त्यानंतर काय होतं तेही पाहिलंय.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे मोराने मुंग्यांचे घमेले पाठीवर घेतले. पिसारा सुतळीने आवळून आत कोंबला. तरी तीन निळी पिसे मागून बाहेर डोकावत राहिली आणि पोट जमिनीला काही केल्या टेकेना.

हरबातात्यांना खोलीत आणून बसवले. त्यांनी टेकडीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. पाची ढग मोजले. तेवढ्यात बुटक्या खिडकीबाहेर खरड खरड असा आवाज झाला आणि एक घमेले हळूहळू सरकत आले.

हरबातात्या उठून उभे राहिले आणि त्यांनी मान लववून मुजरा केला.

“महाराज, आज जरा सडपातळ दिसता.”

“आजारी होतो,” घमेल्याखालून आवाज आला, आणि सवयीने शेवटी मोराचे ‘म्यॅव’ही निघून गेले.

“आवाजही बसलाय वाटतं.”

“वैद्याचं औषध कडू होतं,” मोरमहाराज कळवळून म्हणाले. घाम त्यांच्या चोचीवरून टपकत होता. “हरबा, ते पान... कृपा करून... म्हणजे, आमची आज्ञा आहे!”

“आज्ञा मिळाली, महाराज,” हरबातात्या म्हणाले. घमेले खिडकीपलीकडे जाईपर्यंत त्यांनी लवलेली मान वर केली नाही. मग ते खोलीच्या मागल्या दाराने निघाले आणि पूल ओलांडून गेले.

सर्जेराव खाली मान घालून उभा होता. बुक्कीचे वळ पाठीवर दिसत होते. भोवती एकशे चौदा ढ विखुरले होते. डाव्या कानावर ओळखीचे वजन आले आणि तीनदा चोच बसली.

“सर्जेराव, जेवलात का?”

“नाही,” सर्जेराव म्हणाला. “काल तुम्ही आला नाहीत.”

“विहिरीत होतो.”

“मग मला विसरला असाल.”

“वेडा की काय! मुंगसाची पाचही नखं पाठीत उठलीत, ती विसरू? महाराजांना खोलीबाहेर काढलं ते विसरू? त्या पाण्यानं काही विसरत नाही रे, नुसती सर्दी होते.” तात्या शिंकले. “भंगाराचं ऐकलं, म्हणून वर आलो.”

“मग ते घमेलं? खिडकीपुढून गेलं ते? मला इथून सगळं दिसलं. पिसं होती त्याला.”

“तीन,” तात्या म्हणाले. “पायही मोराचे. सर्जेराव, कासवमहाराजांवर माझा जीव होता. पण अकरा वर्षांत ते माझ्यासाठी एकदाही जागचे हलले नाहीत. हा तर कालपरवा आलेला, मिजासखोर, आणि माझ्यापुढून वीस पावलं रांगत गेला. आता त्याला ‘तू खोटा’ म्हणू?”

सर्जेरावाने विचार केला. रेड्याला विचार करायला वेळ लागतो.

“तात्या, पिवळा खरंच निघालाय ना?”

हरबातात्यांनी एक कोरे पान पुढे ओढले.

“वाटेतच आहे,” ते म्हणाले. “घ्या, हे पान चावा.”

सर्जेरावाने कोरे पान चावले, चार पट्टे ओढून फेकून दिले. मग ‘महाराजांच्या आज्ञेवरून’ असे म्हणून तात्यांनी मजकूर कानात सांगितला. कोणत्या महाराजांच्या, ते मोघम ठेवले. खर्र खर्र आवाज झाला आणि पान बाहेर आले. दोन वेण्या, लांबलचक क्रमांक, काही कमी नाही. मुलीचा चेहरा थोडा हिरवट आला होता, पिवळा नसताना हिरवट कसा आला देव जाणे, पण मुलगी ओळखू येत होती. वरून “आलं! आलं!” असा ओरडा झाला. मग त्याच जाड आवाजात कोणीतरी म्हणाले, “बघ, बुक्की मारल्यावर कसं सुतासारखं सरळ आलं!”

हरबातात्यांची खोली कायम झाली. मुंगूसपंतांनी त्यासाठी एक नवी यादी केली आणि तीत एकच काम लिहिले: दर पानामागे, महाराज, घमेले, वीस पावले. मोरमहाराजांना सवय झाली. पुढे पुढे तर ते न सांगताच सुतळी मागवीत.

पुष्कळ सूर्य उगवले आणि मालवले. मग एका दुसऱ्या मंगळवारी वैद्याने औषध पाजून पेटी मिटली आणि मुंगूसपंतांना बाजूला घेतले. मुंगूसपंतांच्या मिशा आता पिकल्या होत्या. “कळलं,” तो म्हणाला, आणि मुंग्यांना बोलावणे धाडले. त्यांनी घमेली घेऊन आंबे वाहिले. यावेळी ते अठ्ठावीस होते. कोंबडा सदतीसवर थांबला. मोरमहाराज दहा दिवस अडगळीत राहिले, अकराव्या दिवशी गेले, आणि गादीवर हत्तीमहाराज आले. ते मावावेत म्हणून दरबाराची एक भिंत पाडावी लागली.

विद्याधरलाही नवा बिल्ला मिळाला नाही. बारा भाषांचे आता कोणाला कौतुक नव्हते. मुंगूसपंतांनी त्याला विहिरीत ढकलले, आणि एकाक्ष घुबड डोळा मिटून बसल्यावर तिसऱ्या दिवशी बादली टाकून बाहेर काढले. हरबातात्यांच्या खोलीला लागून दुसरी खोली उभी राहिली. काचेची जमीन, आरपार भिंती, मधोमध पाणवठा. विद्याधर तिथे बसून अंग वाळवत होता तोच, अलीकडच्या खिडकीबाहेर धडाम धडाम असा आवाज झाला आणि रांजणातले पाणी डचमळू लागले.

हत्तीमहाराज रांगत येत होते. त्यांच्या अवाढव्य पाठीवर, मधोमध, मुंग्यांचे ते घमेले वाटीएवढे दिसत होते. मागे शेपटीला निळ्या रंगात बुडवलेले सात खराटे बांधले होते. दोन्ही खिडक्या एकाच वाटेवर असल्यामुळे दोन्ही सोंगे एकदम घेणे भाग होते. मुंगूसपंत पुढे उलटे चालत, “सावकाश, महाराज, अजून अकरा पावलं,” असे कुजबुजत होता.

पहिल्या खिडकीत हरबातात्यांनी मान लववली. दुसऱ्या खिडकीत विद्याधरने पंख जोडले. धडाम धडाम करीत वरात पलीकडे गेली आणि एक खराटा मागे पडला.

जरा वेळाने मधल्या भिंतीवर चोचीचा आवाज आला.

“तात्या,” विद्याधर अगदी हळू आवाजात म्हणाला, “आज महाराज जरा जाड वाटले नाही?”

हरबातात्यांनी पुलाकडे पाहिले. सर्जेराव कान टवकारून वाट पाहत होता.

“आजारी होते,” तात्या म्हणाले. “सूज असेल.”

“असं होय,” विद्याधर म्हणाला, आणि पंख झटकून घुबडाकडे निघाला.

तात्याही पूल ओलांडून गेले, डाव्या कानावर बसले आणि त्यांनी तीनदा चोच मारली.

“सर्जेराव, जेवलात का?”